हाळावरची पालथी घागर

डोंगरकडा गावच्या हाळावर रामच्या मेंढ्या आत आणि कोकरं बाहेर अशी अडून पडली, ते साल दोन हजार बावीस. मार्चची पंचवीस तारीख, शुक्रवार. गावात आजही त्या दिवसाची गोष्ट निघाली की आधी सालावरून वाद होतो. त्याच्या आधीची दोन वर्षं कोरोनाने अशी एकमेकांत कालवून टाकली आहेत की लग्नं आणि मयतीसुद्धा लोकांना नीट लावता येत नाहीत. पण साल बावीसच. त्या वर्षी शिवहार घरी बसून पुण्याच्या कंपनीची नोकरी करत होता आणि त्याच्या नेमणुकीच्या कागदावर 'परिविक्षाधीन' असा शब्द होता. त्या शब्दाचा अर्थ त्याने वडिलांना, मसाजींना, चार वेळा सांगितला होता.

"म्हंजे ठिवलंय का काढलंय?" मसाजी विचारायचे.

"बघून राहिलेत, आबा. काम जमतं का ते."

"दीड वर्ष? आमी मेंढा घेताना बी इतकं बघत न्हाई. तोंड उघडायचं, दात बघायचे, झालं."

दात बघून माणूस घ्यायची सोय कंपनीत नव्हती. तिथे नियम असा, की परिविक्षेतल्या प्रत्येकाने सॉफ्टवेअरमध्ये केलेला निदान एक महत्त्वाचा बदल मार्चच्या आवृत्तीत गेला पाहिजे. गेला तर एकतीस तारखेला कायम, नाही तर नमस्कार. वसमतच्या पाहुण्यांनीही तीच तारीख धरून ठेवली होती. मुलगी दाखवून झाली होती, पोहे खाऊन झाले होते, आणि "पोरगं कायम झालं की बोलू" असं म्हणून पाहुणे जीपमध्ये बसले होते. म्हणजे शिवहारची नोकरी आणि लग्न, दोन्ही एका बदलावर येऊन थांबली होती, आणि तो बदल काही केल्या सुचत नव्हता.

कंपनी दवाखान्यातल्या खाटेशेजारच्या यंत्रांसाठी ऑपरेटिंग सिस्टीम बनवायची. नाडी, श्वास, रक्तदाब दाखवणारी यंत्रं. त्या सिस्टीमचा सगळ्यात आतला भाग म्हणजे कर्नल. कुठल्या प्रोग्रॅमने कधी काय करायचं, कुणी थांबायचं, कुणी पुढे जायचं, हे तो ठरवतो. शिवहारचं काम या कर्नलमध्ये होतं. नाडीचे आकडे एका तक्त्यात ठेवलेले असत. तो तक्ता वाचणारे पुष्कळ: पडद्यावर आलेख काढणारा, घंटा वाजवणारा, नर्सच्या टेबलाकडे आकडा पाठवणारा. वाचणारे कितीही असोत, एकाच वेळी आत गेले तरी कुणाचं काही बिघडत नाही. पण नवा आकडा लिहिणारा आला की त्याला तक्ता एकट्याला लागतो. अर्धा आकडा जुना, अर्धा नवा असं कुणी वाचलं तर घोटाळा. म्हणून वाचणारे आत असेपर्यंत लिहिणाऱ्याने बाहेर थांबायचं, असं लॉक होतं.

पण वाचणाऱ्यांची रांग मिनिटंच्या मिनिटं तुटतच नव्हती. एक बाहेर पडेपर्यंत दुसरा आत, दुसरा निघेपर्यंत तिसरा. लिहिणारा बिचारा दारात उभा. चाचणीच्या वेळी एका माणसाला यंत्र लावलं होतं. तो वायरी काढून बाथरूमला जाऊन आला, येताना चहा घेऊन आला, आणि तेवढा वेळ पडद्यावर त्याची नाडी शांतपणे अठ्ठ्याहत्तर चालू होती.

शिवहार बसायचा हाळाशेजारच्या कडुलिंबाखाली. घर खोलगटात, तिथे मोबाइलला रेंज नाही. हाळापाशी रेंज होती आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीतून वायर ओढता येत होती. खुर्ची, स्टूल, लॅपटॉप आणि डोक्याला उपरणं. पुण्याच्या मीटिंगमध्ये त्याच्यामागे नेहमी मेंढरं ओरडायची. तिकडच्या लोकांना वाटायचं, याने हौसेने तसा आवाज लावून ठेवलाय.

हा हाळ म्हणजे जनावरांना पाणी पाजायचा दगडी हौद, बहात्तरच्या दुष्काळात रोजगाराच्या कामावर बांधलेला. शिवहारची आत्या पंचफुलाबाई तेव्हा पंधरा वर्षांची होती. तिने त्याचे दगड डोक्यावर वाहिले होते. पुढे ती लग्न होऊन गेली, नवरा गेल्यावर भावाकडे परत आली, आणि हाळ आपल्याच मालकीचा असल्यासारखा तिने पुन्हा ताब्यात घेतला. हाळाभोवती दगडांचा गडगा आणि त्याला एकच वाट, दोन मेंढरं अंगाला अंग लावून जातील एवढी. पाण्याला कुणी कुणाला विचारायचं नाही, हा जुना रिवाज. एक कळप पीत असला तरी दुसऱ्याने खुशाल आत यावं. पूर्वी कळप दुपारी येत, पिऊन लिंबाखाली बसत, आणि दिवस कलला की माळाकडे निघत. मग हाळ मोकळा. पंचफुलाबाईची आई खराटा घेऊन शेवाळ काढायची, हाळ कोरडा करायची आणि नवं पाणी सोडायची. आता गावातल्या बोअरी आटलेल्या, त्यामुळे कळपांना वेळ राहिली नव्हती. पंचफुलाबाई खराटा घेऊन सकाळपासून वाटेशी बसायची. एक कळप निघायच्या आत दुसरा शिरलेला असे. आठ दिवस हाळ धुतला गेला नव्हता, पाणी हिरवं झालं होतं आणि मेंढरांना जुलाब होऊ लागले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका सकाळी तिने घरातली जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, घागर आणली आणि वाटेच्या मधोमध पालथी ठेवली.

खेमाचा कळप येऊन थबकला. खेमा म्हणजे डोंगरकड्याचा सगळ्यात घाईचा माणूस.

"खेमा, आत जाऊ नको," पंचफुलाबाई म्हणाली.

"काहून अक्का? आत राम हाय की."

"राम आधीचा हाय. त्याचं हुईल, तो निंगल. तू नवा हायस. घागर दिसत न्हाई का?"

"आता घागरीला इचारून पाणी पाजायचं व्हय?"

"घागरीला नको इचारू, मला इचार. माझ्या मायच्या टायमाला घागर पालथी दिसली की पाटलाचा बैल बी थांबायचा."

"बैल थांबला आसंल. बैलाला घाई नसती."

पण खेमा थांबला. पाण्याच्या वाटेवर बाईने ठेवलेली घागर ओलांडायची म्हणजे चारचौघांत तोंड दाखवायची सोय राहत नाही. रामचा कळप पिऊन बाहेर पडला. पंचफुलाबाईने हाळ खरडून काढला, पाणी भरलं, घागर उचलली आणि म्हणाली, "जा आता, बैलापेक्षा घाईच्या."

लिंबाखाली शिवहार खुर्चीतून अर्धा उठला होता. लिहिणारा दारात आला की नव्या वाचणाऱ्याला आत सोडायचं नाही. जे आत आहेत त्यांनी आपलं संपवून निघावं. मग लिहिणाऱ्याने जावं. खरं तर ही युक्ती त्याच्या विषयात जुनीच होती. इंजिनिअरिंगला असताना त्याने ती वाचली होती, परीक्षेत लिहिली होती, सहापैकी पाच गुण मिळवले होते आणि विसरून गेला होता. दोन दिवसांत त्याने कोड लिहिला. वर समजुतीची एक ओळही टाकली: आत असलेले कधी ना कधी बाहेर येणारच.

दोन दिवस यंत्रं चालवून पाहिली. आकडे झरझर बदलू लागले. त्याची टीमप्रमुख ऐश्वर्या पुण्याहून बोलत होती.

"छान झालंय शिवहार. साधं आणि स्वच्छ. हे आपल्याकडे आधीच कुणी का घातलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतंय. कसं सुचलं?"

"असंच मॅडम. विचार करत होतो."

मीटिंग अर्ध्या तासाची होती. त्यात हाळ, गडगा, आत्या हे सगळं कसं बसवणार, असं त्याने स्वतःला समजावलं. आत्याला मात्र त्याने संध्याकाळी सांगितलं, "आत्या, तुझी घागर मी मशीनीत ठिवली."

"मंग मला दुसरी आणून दे," पंचफुलाबाई म्हणाली. "हिला पोचा पडलाय."

मसाजींनी वसमतला फोन करून टाकला. पाहुण्यांनी मुहूर्त बघायला ब्राह्मण गाठला.

मग तो शुक्रवार आला. आवृत्ती संध्याकाळी पाचला बंद होणार होती. त्यानंतर ती यंत्रं बनवणाऱ्यांकडे जाणार, मग तिच्यात काही बदलता येणार नव्हतं. शिवहारला काही काम नव्हतं. तो लिंबाखाली बसून घड्याळ बघत होता.

दुपारी दोनच्या सुमाराला राम मेंढ्या घेऊन आत गेला. त्याची कोकरं लहान होती, त्यांना रामची बायको मिराबाई मागून सावकाश आणत होती. ती वाटेच्या वळणावर असतानाच पंचफुलाबाईने घागर पालथी ठेवली. दोन दिवस तिला हाळ धुवायला मिळाला नव्हता. मिराबाई येऊन पोचली तर समोर घागर.

"अक्का, आमचेच मेंढरं हायेत आत. कोकरं जाऊ द्या."

"घागर ठिवली बाई. राम निंगू दे, हाळ धुते, मंग जा."

आतून रामने हाक दिली, "मी कसा निंगू? कोकरं आईसंगंच पाणी पितेत. आया बाहीर काढल्या तर पोरं पाण्याला तोंड न लावता त्यांच्यामागं पळतील. कोकरं पिल्याबिगर मी हलत न्हाई."

"आन् तू हलल्याबिगर मी घागर उचलत न्हाई."

"मंग बसा."

"बसलेच हाय."

आणि सगळे बसले. आत आया कोकरांसाठी ओरडत होत्या, बाहेर कोकरं आयांसाठी. पंचफुलाबाई राम निघण्याची वाट बघत होती, राम कोकरांची, आणि कोकरं घागर उठण्याची. तिघांपैकी कुणाचं काही चुकत नव्हतं, त्यामुळे कुणाला माघार घ्यायचं कारणही नव्हतं. खेमा आला, त्याच्यामागे आणखी दोन कळप आले. रांग पार सडकेपर्यंत गेली. एसटी थांबली, ड्रायव्हरने उतरून चौकशी केली आणि दोन्ही बाजूंचं बराबर आहे असं सांगून गाडी पुढे काढली.

शिवहारला हसू आवरेना. त्याने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केलं. वाटेवरची घागर घेतली, कमरेवर हात ठेवलेली आत्या घेतली, आतला राम घेतला. मग कॅमेरा बाहेरच्या कोकरांवर आला आणि त्याचा हात खाली गेला.

आत असलेला आतूनच पुन्हा आत यायला बघतोय.

त्याने लॅपटॉप ओढला. पडद्यावर आलेख काढणारा कोड उघडला. तो तक्ता वाचायला आत जात होता, आणि आत असतानाच धोक्याची मर्यादा विचारायला दुसऱ्या एका कोडला बोलवत होता. तो दुसरा पुन्हा त्याच तक्त्याच्या दारात येऊन 'मला वाचायचंय' म्हणत होता. जुन्या लॉकमध्ये हे चालून जायचं, वाचणाऱ्याला कुणी अडवतच नव्हतं. नव्या लॉकमध्ये या दोन क्षणांच्या मधल्या फटीत जर लिहिणारा येऊन उभा राहिला, तर दुसरा वाचणारा लिहिणाऱ्यासाठी थांबणार, लिहिणारा पहिल्या वाचणाऱ्यासाठी, आणि पहिला दुसऱ्यासाठी. कायमचे. आधी पडद्यावरचा आकडा उशिरा का होईना, बदलत तरी होता. आता तो गोठणार होता आणि घंटाही वाजणार नव्हती.

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

ती फट फार लहान होती. दोन दिवसांच्या चाचणीत एकदाही सापडली नव्हती. यंत्रं दवाखान्यात पोचायला महिना जाईल, गोठायला कदाचित आणखी दोन. एकतीस तारखेला आपण कायम झालेलो असू. एक एप्रिलला आपणच ही चूक शोधून काढली असं कळवता येईल. उलट शाबासकी मिळेल. शिवहारने हे सगळं नीट मांडून पाहिलं आणि त्यात कुठेही खोट दिसली नाही, म्हणून त्याला जास्त अस्वस्थ वाटलं.

तो उठून आत्याजवळ गेला. "आत्या, घागर ठिवताना कोकरं मागं हायेत हे ठावं न्हवतं का?"

"न्हवतं रे. वळणावर होते. दिसले न्हाईत."

"मंग आता?"

पंचफुलाबाईने रांगेकडे बघितलं. जिभा बाहेर काढून उभ्या असलेल्या कोकरांकडे बघितलं. "न दिसता ठिवली, ती गोष्ट येगळी. आता दिसून राहिले तरी धरून बसले तर ती माझी खोड. पर घागर सगळीच उचलली तर हा खेमा घुसतो, आन् उद्यापासून घागरीला कुत्रं इचारत न्हाई."

"अक्का," गलका ऐकून आलेले मसाजी मागून म्हणाले, "रामच्या कोकराला गेरूचा पट्टा हाय पाठीवर. पट्टा बघ आन् तेवढेच सोड."

हे सगळ्यांना पटलं. पंचफुलाबाई घागरीशेजारी उभी राहिली आणि पट्टा बघून एकेक कोकरू आत सोडू लागली. शिवहार लिंबाखाली परतला आणि त्याने ऐश्वर्याला फोन लावला. चारला दहा कमी होते.

"मॅडम, माझा बदल काढा."

"काय?"

त्याने सांगितलं. तिकडून कळा दाबल्याचा आवाज आला. ती कोड वाचत होती.

"अरे देवा," ती म्हणाली. "बरोबर आहे तुझं. शिवहार, तुला कळतंय ना, तुझ्या नावावर दुसरं काहीच नाहीये या आवृत्तीत."

"हो मॅडम."

"एका तासात दुरुस्त करता येईल का? काहीतरी कर ना."

"येईल बहुतेक. जो आधीच आत आहे त्याच्यावर खूण करू. तोच पुन्हा आला तर खूण बघून सोडायचं, नव्याला थांबवायचं..."

बोलता बोलता त्याचं लक्ष हाळाकडे गेलं. पंचफुलाबाईने एका कोकराच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि ती आपली बोटं बघत होती. बोटं लाल होती.

"खेमा, हा गेरू वला काहून?"

"घाम आसंल अक्का. ऊन लई हाय."

"मेंढराला लाल घाम येतो व्हय रे?"

खेमाच्या बायकोने शेजारच्या घरातून भिंत सारवायचा गेरू आणला होता. एव्हाना रांगेतल्या अर्ध्या कोकरांच्या पाठीवर रामचा पट्टा होता, आणि त्यांच्या आया त्यांच्यामागे वाट रेटत होत्या. हाळ त्या दिवशी धुतला गेला नाही.

"शिवहार? ऐकतोयस ना? खुणेचं काय म्हणत होतास?"

"नाही जमणार मॅडम," शिवहार म्हणाला. "खूण दुसऱ्याच्या अंगावर जाणार नाही याची खात्री तासाभरात होत नाही. काढून टाका."

तिने बदल काढला. पाचला आवृत्ती जुन्याच लॉकसह बंद झाली. त्या आवृत्तीच्या बदलांच्या यादीत परिविक्षेतल्या दुसऱ्या एका मुलाचं नाव होतं. त्याने चाळीस फायलींमधल्या रिकाम्या ओळी काढून टाकल्या होत्या. बदल मोठा होता आणि त्याने काही बिघडण्याची शक्यता नव्हती. एकतीस तारखेला तो कायम झाला.

शिवहारला त्याच दिवशी निरोपाचं पत्र आलं. पत्रात त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक होतं. मसाजींनी पत्र हातात घेऊन उलटसुलट केलं. "इतकं चांगलं लिव्हलंय, मंग काढलं काहून?" त्यांनी विचारलं. वसमतचा फोन त्यांनी उचलला नाही. पाहुण्यांनीही परत केला नाही.

त्या मुलीचं लग्न पुढल्या जूनमध्ये एका कायम नोकरीवाल्याशी झालं. नवऱ्याची कंपनी दिवाळीत बंद पडली. आता ते दोघं वसमतला मोबाइलचं दुकान चालवतात आणि दुकान बरं चाललंय.

ऐश्वर्याने वर्षभराने पुण्याची कंपनी सोडली. ती कॅनडात असते. जायच्या आधी तिने एकच हट्ट केला होता, तो शिवहारला परत घेण्याचा. रिकाम्या ओळी काढणारा मुलगा तिच्या जागी आला.

राम आणि मिराबाईने मेंढरं विकली. राम केळीचा टेम्पो चालवतो. खेमा ग्रामपंचायतीत निवडून आला आणि पाणी समितीचा अध्यक्ष झाला. त्याने हाळाच्या गडग्याला दुसरी वाट पाडून दिली. तिच्यावर त्याचं नाव आहे. मसाजींकडे आता वीसच मेंढ्या आहेत आणि पोरगं काय करतं असं कुणी विचारलं तर ते "दवाखान्यात हाय" एवढंच सांगतात.

पंचफुलाबाई चोवीस साली, पोळ्याच्या आदल्या दिवशी गेली. शेवटच्या महिन्यात तिला कळमनुरीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. खाटेशेजारी यंत्र होतं. शिवहार रोज जाऊन पडद्याकडे बघत बसायचा. यंत्र दुसऱ्याच कंपनीचं निघालं. ते नीट चालत होतं.

शिवहारला कंपनीने बावीसच्या जूनमध्येच करारावर परत बोलावलं होतं, कारण तो घोटाळा त्याच्याइतका कुणालाच समजत नव्हता. त्याने लॉकला हात न लावता तक्त्याकडे दोनदा येणारा सगळा कोड शोधून काढला, अकरा ठिकाणी, आणि दुसऱ्यांदा यायची गरजच ठेवली नाही. त्यानंतर नवं लॉक घातलं. ते आज बऱ्याच यंत्रांत आहे. बदलांच्या यादीत त्या लॉकपुढे टीमप्रमुखाचं नाव आहे, कारण करारावरच्या माणसाचं नाव घालायला फॉर्ममध्ये रकाना नाही. त्याचं लग्न तेवीस साली कळमनुरीच्या सत्यशीलाशी झालं. तिच्या वडिलांनी नोकरीबद्दल काही विचारलं नाही. ते स्वतः सव्वीस वर्षं रोजंदारीवर होते. करार दर सहा महिन्यांनी वाढतो. गेल्या महिन्यात सातव्यांदा वाढला.